ब्लॅक घोस्टच्या दोन पिढ्या

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रात्री शर्यती लागत. त्यांना ना परवानगी असे, ना पंच. सिग्नलला दोन गाड्या शेजारी येऊन थांबत, चालक एकमेकांचा अंदाज घेत आणि दिवा हिरवा झाला की दोघेही सुटत. या शर्यतींत अधूनमधून एक काळी डॉज चॅलेंजर यायची. छतावर मगरीच्या कातडीसारखी नक्षी असलेले काळे व्हायनिल, मागच्या बाजूला पांढरा पट्टा. ती यायची, समोरच्याला मागे टाकायची आणि अंधारात निघून जायची. मग बरेच दिवस तिचा पत्ता नसे. चालवणारा कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हते. रस्त्यावरच्या पोरांनीच तिला नाव दिले, ‘ब्लॅक घोस्ट’.

तिचा मालक होता गॉडफ्री क्वाल्स. सैन्यातून परतलेला हा माणूस डेट्रॉइट पोलीस दलात नोकरीला होता आणि मोटरसायकलवरून वाहतुकीवर नजर ठेवणे हे त्याचे काम होते. अशा शर्यतीत सापडला असता तर नोकरी गेली असती. म्हणून तो मोजक्याच रात्री बाहेर पडे आणि कुणाशी बोलायला थांबत नसे. पुढे संसार वाढला, गाडी गॅरेजमध्ये गेली आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिली. २०१५ मध्ये क्वाल्स यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी गाडीची कागदपत्रे मुलाच्या हाती दिली होती. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचा समावेश झाला आणि मे २०२३ मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात तिला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली.

त्याच वर्षी डॉज कंपनीने आपल्या नव्या चॅलेंजरची एक मर्यादित आवृत्ती काढली. तिचे नावही ब्लॅक घोस्ट. रंग काळा, मागे तसाच पांढरा पट्टा, छतावर मगरीच्या कातडीची नक्षी. फक्त ३०० गाड्या, प्रत्येकीची ताकद ८०७ अश्वशक्ती. एकाच नावाच्या, एकाच वेशातल्या, अर्ध्या शतकाच्या अंतराने बनलेल्या या दोन गाड्या समोरासमोर ठेवल्या की ‘मसल कार’ या अमेरिकी प्रकाराचे काय झाले, काय टिकले आणि काय गेले, हे फार स्वच्छ दिसते.

मसल कार म्हणजे मुळात एक सरळ हिशोब. मध्यम आकाराची, दोन दारांची, फारशी महाग नसलेली गाडी घ्यायची आणि कंपनीच्या मोठ्या गाड्यांतले सर्वांत थोराड व्ही-८ इंजिन तिच्यात बसवायचे. युरोपातल्या स्पोर्ट्स कार वळणावळणाच्या रस्त्यांसाठी घडल्या. अमेरिकेचे रस्ते सरळ आणि लांब, पेट्रोल स्वस्त, आणि युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी नुकती कमावती झालेली. पाँटिअ‍ॅकने १९६४ मध्ये जीटीओ बाजारात आणली तेव्हापासून या प्रकाराची लाट सुरू झाली असे मानतात. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. ती आकाराने लहान, देखणी आणि तरुणांच्या खिशाला परवडणारी होती. तिच्या अफाट खपामुळे सगळ्या कंपन्या मस्टँगला उत्तर शोधू लागल्या. जनरल मोटर्सचे उत्तर, म्हणजे कॅमॅरो आणि फायरबर्ड, १९६७ च्या मॉडेलांत आले. क्रायस्लर कंपनीच्या डॉज विभागाचे उत्तर १९६९ च्या शरद ऋतूत, १९७० चे मॉडेल म्हणून आले. ती चॅलेंजर.

म्हणजे ती उशिराच आली. पण आली ती पूर्ण तयारीनिशी. कार्ल कॅमेरॉन यांनी रेखाटलेले तिचे बाह्यरूप आजही डोळ्यात भरते. जमिनीला धरून पसरलेली रुंद काया, खोल बसवलेल्या जाळीत चार गोल दिवे, दाराच्या मध्यावरून मागच्या चाकाकडे चढत जाणारी एकच धारदार रेघ. काचा खाली केल्या की पुढच्या आणि मागच्या खिडकीमध्ये खांबच उरत नसे. सगळी बाजू मोकळी व्हायची. रंगांची नावेही त्या काळाला शोभणारी होती. प्लम क्रेझी हा भडक जांभळा, सब्लाइम हा डोळ्यांत खुपणारा पोपटी, गो मँगो हा नारिंगी. इंजिनांची निवड तर भलतीच लांबलचक. साध्या सहा सिलिंडरपासून सुरुवात आणि शेवटाला ४२६ हेमी.

हेमी हे प्रकरण थोडे समजून घ्यायला हवे, कारण दोन्ही ब्लॅक घोस्ट त्याच नावावर उभ्या आहेत. इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा जाते. जितकी हवा जास्त, तितके जास्त पेट्रोल नीट जळते आणि पिस्टनवर तितका मोठा धक्का बसतो. हेमी इंजिनात सिलिंडरचे डोके आतून घुमटासारखे अर्धगोल असते. त्यामुळे हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह मोठे करता येतात, ते समोरासमोर तिरके बसतात आणि हवेला वाट जवळजवळ सरळ मिळते. स्पार्क प्लग मधोमध असल्याने भडका सगळीकडे सारखा पसरतो. क्रायस्लरने हे इंजिन १९६४ मध्ये नॅसकार शर्यतींसाठी काढले आणि १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांत देऊ केले. ४२६ घन इंच म्हणजे जवळजवळ सात लिटरची क्षमता, वर चार-चार तोंडांचे दोन कार्ब्युरेटर. चॅलेंजर आर/टी या ताकदवान मॉडेलची मूळ किंमत सव्वातीन हजार डॉलरच्या घरात होती आणि हेमी हवे असेल तर जवळजवळ पाव किंमत आणखी मोजावी लागे. विमा तर त्याहून डोईजड. म्हणून १९७० मध्ये हेमी घातलेल्या चॅलेंजर साडेतीनशेच्या आसपासच बनल्या. क्वाल्स यांची त्यातलीच एक. चार गिअर, आणि गिअरच्या दांडीला पिस्तुलाच्या मुठीसारखा आकार.

या हेमीची जाहीर ताकद होती ४२५ अश्वशक्ती. आणि २००८ मध्ये चॅलेंजर पुन्हा बाजारात आली, तेव्हा तिच्या पहिल्या एसआरटी-८ मॉडेलच्या ६.१ लिटर हेमीची ताकदही ४२५ अश्वशक्तीच होती. आकडा तोच, पण दोन्हींची मोजणी वेगळी. १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिनाची ताकद ‘ग्रॉस’ पद्धतीने सांगत. इंजिन गाडीबाहेर काढून मोजणीच्या स्टँडवर ठेवायचे, एअर क्लीनर काढायचा, सायलेन्सर काढायचा, अल्टरनेटरसारखी इंजिनावर ओझे टाकणारी उपकरणे काढायची आणि मग आकडा घ्यायचा. १९७२ च्या मॉडेलांपासून ‘नेट’ पद्धत रूढ झाली. गाडीत बसते तशा अवस्थेत, सगळा लवाजमा अंगावर असताना इंजिन किती ताकद देते, ते सांगायचे. याच बदलाच्या वेळी, १९७१ मध्ये, क्रायस्लरने जुन्या हेमीचा नेट आकडाही दिला होता. तो होता सुमारे ३५०.

हा फरक कळला की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. २०११ नंतरच्या चॅलेंजरमध्ये सर्वांत स्वस्त इंजिन ३.६ लिटरचे व्ही-६ होते. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या घेत ते. त्याची नेट ताकद ३०५ अश्वशक्ती. १९७० च्या आर/टी मॉडेलमध्ये जे ३८३ घन इंचाचे व्ही-८ इंजिन मुळातच येत असे, त्याचा ग्रॉस आकडा ३३५ होता. नेट हिशोबाने ते नव्या गाडीच्या सर्वांत गरीब इंजिनाच्याही खाली येते.

तरीही जुनी गाडी चालवणाऱ्याला ती आजच्या कितीतरी गाड्यांपेक्षा हिंस्र वाटते, आणि ते खोटे नाही. कारण १९७० च्या चॅलेंजरमध्ये ताकद सोडली तर बाकी सगळे साध्या घरगुती मोटारीचे होते. मागे पाट्यांवर टेकलेला अखंड अ‍ॅक्सल. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढचे डिस्क ब्रेक हवे तर जादा पैसे. अरुंद टायर, तेही रेडिअल नव्हेत. स्टिअरिंग इतके हलके की चाकाखाली काय चालले आहे ते हाताला कळत नसे. सुमारे १७०० किलोची गाडी पाव मैलात, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत, चौदा सेकंदांच्या आसपास वेळ नोंदवून ताशी १६० किलोमीटरच्या वर पोचायची. मग तिला थांबवायचे कसे, हा खरा प्रश्न असायचा. एक-दोनदा जोरात ब्रेक दाबले की ड्रम तापत आणि पकड सुटत जाई. सुटताना पेडल जरा जास्त दाबले तर मागची चाके जागच्या जागी फिरत राहत, धूर निघे आणि शेजारची कमी ताकदीची गाडी पुढे निघून जाई. हेमीची ताकद रस्त्यावर उतरवणे ही एक कमावलेली विद्या होती. क्लच किती सोडायचा, पेडल कुठे अडवायचे, दुसरा गिअर नेमका कधी टाकायचा, हे सगळे पायाच्या आणि हाताच्या सवयीत असावे लागे. क्वाल्स यांच्याकडे ती विद्या होती. त्यांचा दबदबा तयार झाला तो गाडीइतकाच त्यांच्या पायांमुळे.

१९७० च्या चॅलेंजरने मोठा पडदाही गाजवला. १९७१ च्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ या चित्रपटात डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे सुसाट निघालेली पांढरी चॅलेंजर जवळजवळ नायकाच्या बरोबरीची भूमिका करते.

पण बाजारात तिची कहाणी लवकर आटोपली. पहिल्या वर्षी पाऊण लाखाहून अधिक गाड्या बनल्या, दुसऱ्या वर्षी तीस हजारांच्या आत. विमा कंपन्यांनी तरुण मालकांवर जबर हप्ते लावले होते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुरावर बंधने येत होती आणि कमी शिसे असलेल्या पेट्रोलवर चालावे म्हणून इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले जात होते. १९७१ नंतर हेमी बंद झाले, उघड्या टपाची गाडी बंद झाली. १९७२ मध्ये चॅलेंजरचे सर्वांत मोठे इंजिन ३४० घन इंचाचे, २४० नेट अश्वशक्तीचे उरले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले, पंपांवर रांगा लागल्या आणि १९७४ च्या मध्याआधीच चॅलेंजरचे उत्पादन थांबले. उणीपुरी पाच मॉडेल वर्षे. नंतर काही काळ हे नाव मित्सुबिशीने जपानमध्ये बनवलेल्या, चार सिलिंडरच्या एका छोट्या गाडीवरही चिकटवले गेले. त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही.

जानेवारी २००६. डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात क्रायस्लरने चॅलेंजरचे नवे रूप नमुना म्हणून मांडले. कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या स्टुडिओत मायकल कॅस्टिग्लिओन यांनी ते रेखाटले होते आणि काम सुरू असताना स्टुडिओत एक अस्सल १९७० ची चॅलेंजर आणून उभी केली होती. जुन्या गाडीचे हुबेहूब माप घ्यायचे असे ठरले नव्हते. आठवणीत ती जशी उरली आहे तशी काढायची, हा उद्देश होता. आठवणीतली गाडी खऱ्या गाडीपेक्षा रुंद, खाली झुकलेली आणि उर्मट असते. नमुना पाहून लोक हरखले आणि कंपनीने तो बनवायचे ठरवले.

इथे खर्चाचे गणित आडवे आले. नव्या गाडीसाठी स्वतंत्र सांगाडा घडवणे परवडणारे नव्हते. तेव्हा क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलर कंपनीबरोबर एका छत्राखाली होती आणि क्रायस्लर ३०० या मोठ्या चार दारी गाडीचा सांगाडा तयार होता. त्याच्या सस्पेन्शनचे बरेचसे भाग मर्सिडीजच्या ई-क्लास आणि एस-क्लासवरून आले होते. तो सांगाडा थोडा आखूड करून त्यावर चॅलेंजर उभी राहिली. म्हणून नवी गाडी पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात जुनीपेक्षा सहा इंच लांब आहे, उंचीला साधारण पंधरा सेंटीमीटर जास्त आहे आणि पहिल्या एसआरटी-८ चे वजन १९०० किलोच्या जवळ गेले. नमुन्यात खिडक्यांमधला खांब नव्हता. कारखान्यातून निघालेल्या गाडीत तो आला, काळ्या रंगाखाली लपवलेला, आणि मागच्या काचा कायमच्या बंद झाल्या. बाजूने धडक बसली तर आतली माणसे वाचावीत, तर खांब हवाच.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सौंदर्यात जुनी जिंकते, यात शंका वाटत नाही. १९७० च्या गाडीत काच जास्त आहे, पत्रा पातळ दिसतो, सगळा आकार एका दमात काढल्यासारखा आहे. नवीचे दार जाड, खिडक्या अरुंद, मागचा कोपरा इतका भरीव की पार्किंगमधून मागे येताना मान वळवून उपयोग होत नाही. तरी तिच्या चित्रकारांचे एक कौशल्य मान्य करायला हवे. एवढा मोठा, परक्या गाडीचा सांगाडा अंगावर घेऊनही ती लांबून क्षणात ओळखू येते. चार गोल दिवे, बोनेटवरची हवेची तोंडे, मागच्या चाकाकडे चढणारी ती रेघ, पेट्रोलच्या टाकीचे शर्यतीच्या गाडीसारखे चकचकीत झाकण, सगळे जागेवर आहे. २०१५ मध्ये रूप बदलले तेव्हाही त्यांनी नवे काही न शोधता १९७१ च्या गाडीची दुभंगलेली जाळी आणि दुभंगलेले मागचे दिवे उचलले. प्लम क्रेझी, सब्लाइम आणि गो मँगो हे रंगही परत आले.

वेळ मात्र पुन्हा वाईट निघाली. पहिल्या चॅलेंजरला तेलसंकटाने गाठले होते. दुसरी शोरूममध्ये आली ती २००८ च्या उन्हाळ्यात, पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले त्याच सुमारास. मग आर्थिक मंदी आली आणि एप्रिल २००९ च्या शेवटी क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी पहिली बळी जायची ती हीच गाडी, असे कुणालाही वाटले असते. ती वाचली, कारण तिचा सांगाडा, इंजिने आणि कॅनडातला ब्रॅम्प्टन कारखाना दुसऱ्या गाड्यांबरोबर वाटून घेतलेला होता. ती बनवत राहण्याचा वेगळा खर्च फार नव्हता. १९७० च्या चॅलेंजरसाठी, आणि तिच्या प्लिमथ बाराकुडा या भावंडासाठी, कंपनीने खास सांगाडा केला होता. दोघींचा खप घसरल्यावर त्याचा भार उचलायला तिसरी कुणी नव्हती.

आणि मग २०१५ चे मॉडेल आले. हेलकॅट. ६.२ लिटरच्या हेमीवर सुपरचार्जर, ७०७ अश्वशक्ती.

जुन्या काळी जास्त हवा हवी असेल तर सिलिंडर मोठे करत. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. त्यामुळे जुन्या सात लिटरच्या हेमीपेक्षा लहान इंजिन त्याच्या दुप्पट नेट ताकद देते. पूर्ण पेडल दाबून ठेवले तर ७० लिटरची टाकी सुमारे तेरा मिनिटांत रिकामी होईल असा हिशोब आहे. पण नेहमीच्या चालीने महामार्गावर हीच गाडी लिटरला नऊ किलोमीटरपर्यंत जाते. जुन्या हेमीचे मालक त्याच्या निम्म्यावर समाधान मानत. कार्ब्युरेटर अंदाजाने पेट्रोल पाजत असे. थंडीत चोक लागे, डोंगरावर गेलात तर जेट बदला. आता प्रत्येक सिलिंडरला, प्रत्येक फेऱ्याला किती थेंब हवेत ते संगणक ठरवतो. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, त्यामुळे शहराची हवा विषारी करणारे वायू जुन्या गाडीच्या तुलनेत नगण्य निघतात.

खरी प्रगती दिसते ती चाकापाशी. १९७० च्या हेमी चॅलेंजरला पंधरा इंची चाके असत. हेलकॅटच्या पुढच्या ब्रेकची नुसती डिस्क १५.४ इंचांची आहे. म्हणजे जुन्या गाडीच्या अख्ख्या चाकात मावणार नाही, एवढा मोठा आज एकटा ब्रेक झाला आहे. मागे स्वतंत्र सस्पेन्शन, वीस इंची चाकांवर रुंद टायर, चाक घसरायला लागले की क्षणात इंजिनाला आवर घालणारी यंत्रणा, आठ गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्स. सुटताना इंजिनाचे फेरे किती ठेवायचे तेही पडद्यावर आधी ठरवून देता येते. क्वाल्स यांनी रात्रीच्या रात्री घालून कमावलेली विद्या आता एका बटणाखाली आहे.

किल्ल्यांची गोष्ट याहून जास्त बोलकी आहे. हेलकॅटबरोबर दोन किल्ल्या मिळत, एक लाल आणि एक काळी. लाल किल्लीने गाडी पूर्ण ७०७ अश्वशक्ती देते. काळीने ती ५०० वर थांबते. घरातल्या पोराच्या हाती काळी द्यायची. जुन्या गाडीत ताकद आवरण्याची सगळी जबाबदारी चालकाची होती. नवीत ती गाडीने स्वतःवर घेतली आहे, आणि म्हणूनच एवढी ताकद कोणत्याही परवानाधारकाला विकणे शक्य झाले. १९७० मध्ये ७०७ अश्वशक्तीची गाडी कुणी शोरूममध्ये ठेवली असती तर ती विकत घेणाऱ्यांपैकी किती जण वर्षभर जिवंत राहिले असते, हा विचारसुद्धा अस्वस्थ करतो. नव्या गाडीचा हा सर्वांत मोठा पराक्रम आहे आणि त्याचे कौतुक तिच्या आवाजापुढे नेहमी मागे पडते.

पुढच्या पायऱ्या वेगाने चढल्या गेल्या. २०१८ मध्ये डीमन आली, शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती आणि पाव मैल ९.६५ सेकंदांत. तिच्यात मुळात एकच आसन असे. शेजारचे आसन हवे तर एक डॉलर भरायचा. सुटताना तिची पुढची चाके जमिनीवरून उचलली जात. अमेरिकेच्या ड्रॅग शर्यतींची नियामक संस्था एनएचआरए हिने सुरक्षेचा पिंजरा नसलेल्या या गाडीला आपल्या शर्यतींत मज्जाव केला आणि कंपनीने ते पत्र जाहिरातीसारखे मिरवले. २०२३ ची डीमन १७० त्याही पुढे गेली, १०२५ अश्वशक्ती आणि ८.९१ सेकंद. हा आकडा गाठायला तिला ई-८५ लागते, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन. ऊसपट्ट्यातल्या मराठी वाचकाला इथेनॉल नवे नाही. अमेरिकेत ते मक्यापासून करतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून मायलेज घटते. पण ते अवेळी भडकत नाही आणि बाष्प होताना आत शिरणारी हवा गार करते. त्यामुळे सुपरचार्जरला आणखी दाब देता येतो.

या आकड्यांनी मस्टँगलाही हरवले. २०२१ मध्ये अमेरिकेत चॅलेंजर ५४,३१४ विकल्या गेल्या, मस्टँग ५२,४१४. जी गाडी १९७० मध्ये उशिरा येऊन पराभूत झाली, तिने पन्नास वर्षांनी, मूळ रचना तेरा वर्षे जुनी झालेली असताना हे साधले. दरवर्षी नवे मॉडेल काढण्याच्या धंद्यात हे विरळाच. भारतात मस्टँग २०१६ मध्ये उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह अधिकृतपणे आली. चॅलेंजर कधीच आली नाही, कारण ती फक्त डाव्या हाताच्या स्टिअरिंगची बनली. तिची मालक कंपनी स्टेलांटिस मात्र पुण्याजवळ रांजणगावला जीप बनवते. आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या, वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू घरच्या रस्त्याइतका परिचयाचा आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे ड्रीम क्रूझ भरते आणि हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर उतरतात. डॉजने तर २०१६ पासून त्याच वुडवर्डचा एक तुकडा एका दिवसासाठी बंद करून अधिकृत शर्यती लावल्या. ज्या रस्त्यावर क्वाल्स यांना लपूनछपून यावे लागे, तिथे प्रेक्षकांसाठी बाके टाकली गेली.

आता पुन्हा त्या दोन काळ्या गाड्या. जुन्या ब्लॅक घोस्टच्या छतावर खरे व्हायनिल ताणून बसवलेले आहे. नवीच्या छतावर त्या नक्षीची छपाई आहे. जुनीत चार गिअर आणि क्लच, नवीत फक्त ऑटोमॅटिक. याची रुखरुख वाटते. हेलकॅटच्या साध्या मॉडेलमध्ये सहा गिअरांचा हाती बॉक्स मिळत असे, पण आठशेच्या वरच्या ताकदीला तो दिला गेला नाही. आठ गिअरांचा ऑटोमॅटिक कोणत्याही माणसापेक्षा जलद गिअर बदलतो, त्यामुळे घड्याळाच्या हिशोबाने निर्णय बरोबर आहे. पण क्वाल्स यांच्या नावाने निघालेल्या गाडीत पिस्तुलाच्या मुठीची ती दांडी नसावी, हे मनाला पटत नाही. त्यांच्या दंतकथेत निम्मा वाटा त्या दांडीवरच्या हाताचा होता. पाव मैलात नवी जुनीला तीन सेकंदांहून अधिक फरकाने मागे टाकेल. तरीही दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली ती जुनीला, आणि ते योग्यच होते. एका माणसाने ती निवडली, लपवली, चालवली, जपली आणि मुलाला दिली. तीनशेच्या आवृत्तीला हे कारखान्यातून देता येत नाही.

ब्रॅम्प्टनमधून शेवटची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली. तीही काळीच, डीमन १७०. तिच्या जागी डॉजने नवी दोन दारी चार्जर आणली. आधी विजेवर चालणारी, ६७० अश्वशक्तीची, अडीच हजार किलोंहून जड. तिच्यात कृत्रिम आवाजाची एक मोठी यंत्रणा बसवली होती, म्हणजे गाडी सुरू झाल्याचे शेजाऱ्यांनाही कळावे. अमेरिकी ग्राहकांनी तिला थंडा प्रतिसाद दिला. त्यामागोमाग पेट्रोलची चार्जर आली. तिचे इंजिन तीन लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि वरच्या मॉडेलमध्ये ५५० अश्वशक्ती. डॉजने तिला नाव दिले सिक्सपॅक. १९७० च्या चॅलेंजरमध्ये ४४० घन इंचाच्या व्ही-८ वर दोन-दोन तोंडांचे तीन कार्ब्युरेटर बसत, त्या सहा तोंडांच्या रचनेला सिक्स पॅक म्हणत. व्ही-८ च्या भक्तांना सहा सिलिंडरची ही चार्जर अजून पचलेली नाही. पण तिची नेट ताकद जुन्या हेमीच्या दीडपटीहून अधिक आहे.